बायडाबाईचं वंगण

वंगण घातलं ते बायडाबाईनं, आणि हात राखून नव्हे, चांगलं सढळ हातानं घातलं. खंडेनवमीला घरातली विळी, कोयता, पाने, हातोडी सगळं पुसून पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मग तिचं लक्ष दारातल्या ट्रॉलीवर चढवून ठेवलेल्या नावेकडं गेलं. उभा जन्म तिनं बैलगाड्यांबरोबर काढलेला. गाडी ऊसतोडीला निघायच्या आधी आसाला वंगण घालायचं, चाकाला कुंकू लावायचं, मग नारळ. नावेला चाक नाही हे तिलाही दिसत होतं. पण मागं बुडाखाली पितळी पंखा होता, पंख्याला लोखंडी दांडा होता, आणि दांडा ज्या कड्यातून बाहेर येत होता त्या कड्यातल्या रबराच्या खाचा ठणठणीत कोरड्या होत्या. जावई बारा गावचं पाणी प्यालेला, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात राहू नये? तिनं डबा आणला, बोट बुडवलं आणि एकेक खाच दाबून दाबून भरली. वर कुंकवाचं बोट लावलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

नाव तिच्या जावयाची, युवराजची. तो तिच्या भावाचाही मुलगा, त्यामुळं ती खुशीत असली की त्याला जावई म्हणून ‘तुमी’ म्हणायची आणि तिरीमिरीत भाचा म्हणून ‘तू’. कोकणात समुद्रकाठच्या एका हॉटेलात तो बरीच वर्षं पाहुण्यांना शिडाच्या नावेतून फिरवत होता. हॉटेलानं नव्या नावा घेतल्या तेव्हा मालकानं जुनी त्याला देऊन टाकली, आणि या गड्यानं ती उसाच्या ट्रॉलीवर घालून थेट मांजरा धरणाच्या फुगवट्यावर, युसूफ वडगावजवळच्या आपल्या वस्तीवर आणली. शीड होतं, सुकाणू होतं, पोटात छोटं डिझेल इंजिन होतं. लोक पोट धरून हसले. टँकरची वाट बघत मोठी झालेली ही माणसं. त्यांच्या दारात शिडाची नाव म्हणजे म्हशीच्या पायात पैंजण. पण पल्याडचं गाव इथून नुसत्या डोळ्यांना दिसायचं. तिथलं कोंबडं आरवलं की इथं ऐकू यायचं. रस्त्यानं जायचं म्हटलं तर मात्र सगळ्या पाण्याला वळसा घालून, जीपमध्ये कोंबून घेऊन जावं लागायचं. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं या अंगाला. पाणी मधोमध आणि वारा फुकटचा, मग नाव का नको, असं युवराजचं म्हणणं.

बायडाबाईचा जीव मात्र त्या नावेत वेगळ्याच कारणानं अडकला होता. ते कारण म्हणजे तुळजाबाई. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघींचे नवरे गेले, आणि मुकादम त्यांना अर्धा-अर्धा कोयता म्हणून वाटेल त्या टोळीला चिकटवू लागला, तेव्हा या दोघींनी मिळून आपला एक कोयता केला. एकीनं तोडायचं, दुसरीनं मोळ्या बांधायच्या. ट्रकच्या फळीवरून मोळी चढवताना एकीचा पाय सरकला तर दुसरीचा हात पाठीला असायचा. आता दोघींचेही गुडघे बोलायला लागले होते. बायडाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं की यंदा ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढायचं नाही. या काठाला आपण नावेचा दोर धरायचा, त्या काठाला तुळजानं. आणि ट्रक सोडायचा तर दोघींनी. एकीनं उतरून दुसरीला अर्धा कोयता करून उसात धाडायचं, हे तिला स्वप्नातही चाललं नसतं.

दोघी यंदा आगाऊ उचल घेऊन कुणाच्या बांधील नव्हत्या, म्हणून हे बोलायची सोय तरी होती. पण तुळजाबाई पडली पक्की.

“ती नाव पल्याड जाऊन माणसं घिऊन माघारी आलेली मी माझ्या डोळ्यांनी बघीन,” तिनं ठणकावून सांगितलं, “मगच वळकटी उतरवीन. तवर माझी वळकटी ट्रकमधी, आन् तुझीबी. बाजाराच्या दिशी बंकट ट्रक हालवतोय. त्याच्या आत काय ती करामत दाखवा.”

बंकट म्हणजे मुकादम. माणूस वाईट नव्हता, पण ट्रक भरला की त्याला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

नाव चालवायची परवानगी दिवाळी उलटून गेल्यावर आली. पल्याडच्या सरपंच सत्यशीलाबाईंनी निरोप धाडला, की बाजाराच्या दिवशी आमचे लोक काठावर थांबतील. सकाळच्या उन्हात नाव आली तर नावेनं येऊ, नाही तर जीप सांगून ठेवलीच आहे. सगळा योग कसा जुळून आला होता! आदल्या दिवशी सकाळी नाव ट्रॉलीवरून पाण्यात ढकलली तेव्हा निम्मी वस्ती काठावर होती. युवराजनं इंजिन चालू केलं. पाण्याच्या पंपासारखाच धक-धक आवाज आला आणि बायडाबाईला वाटलं, झालं, निघाली. त्यानं गिअर टाकला. पंखा फिरला, आणि डुकराला धरल्यावर ते जसं केकाटतं तसा आवाज बुडाखालून उठला. नाव थडथडायला लागली. जळक्या रबराचा वास थेट काठापर्यंत आला. युवराजनं इंजिन बंद केलं तेव्हा काठावरच्या हसण्याला पुन्हा तोंड फुटलं होतं.

दोर लावून नाव माघारी ट्रॉलीवर ओढली. युवराज बुडाखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या बोटांवर काळा चिकट लगदा होता.

“हे वंगण कुणी भरलं?”

“मी,” बायडाबाई म्हणाली. आवाजात अजून थोडी फुशारकीच होती. “कोरडं पडलतं. कावून?”

युवराजनं डोक्याला हात लावला आणि काळा लगदा केसांना फासला. सुकन्या, बायडाबाईची लेक आणि त्याची बायको, वडगावात सोमनाथच्या वर्कशॉपमध्ये बोअरच्या मोटरींचं वायंडिंग करायची. तिला यंत्राचं कळायचं. ती आईला घेऊन खाली वाकली आणि दाखवायला लागली.

“माय, हे बेअरिंग बघ. पितळंची नळी, आतून रबर, रबराला खाचा. त्या खाचातून पाणी फिरतंय. पाणी हेच त्याचं वंगण. तू खाचा बुजवल्या, पाणी शिरलं न्हाई. दांडा कोरडा घासला आन् रबर सोलून निघालं.”

बायडाबाईनं खाली वाकून बघितलं. रबराच्या चिंध्या कड्यातून लोंबत होत्या.

“म्हंजी तान लागलेल्याच्या नरड्यात म्या तूप कोंबलं,” ती हळूच म्हणाली.

“तसंच.”

तुळजाबाई मागं उभी होती. ती आधी खळखळून हसली, आणि मग तिचं हसू विरून गेलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलेली बाई. तिच्या मनात काय चाललंय हे बायडाबाईला सांगायला लागत नव्हतं. तुळजालाही नाव चालायला हवी होती. ते ती कबूल करणार नव्हती, एवढंच.

“चल,” तुळजाबाई म्हणाली, “दोघींच्या वळकट्या बांधून ठिवते.”

“बांध. सोडायची तयारीबी ठिव,” बायडाबाई फणकारली. पण मनातून ती हादरली होती. दुसऱ्या कुणी ही नाव मोडली असती तर तिनं त्याला सोडलं नसतं. आता बोटं मोडायची तर स्वतःच्याच नावानं.

युवराजनं कोकणात फोन लावला. तसं बेअरिंग तिथं मिळत होतं, पण कुरिअरनं यायला तीन-चार दिवस. ट्रक उद्या. तो नावेच्या सावलीत मटकन बसला. सुकन्या मात्र बसली नाही. ती त्या रबराच्या चिंध्या बोटांत धरून एकटक बघत होती, आणि एकदम तिचे डोळे चमकले.

“अहो, हे मी बघितलंय! सोमनाथभाऊंनी बंद पडल्याला उपसा पंप भंगारात घेतलता न्हाई का? त्याचा उभा पाइप मी खोललता. त्यात असलेच तुकडे हायेत. पितळंची नळी, रबर, खाचा. तो पंपबी पाण्यातच उभा असायचा!”

“माप?”

“माप गेल्याबिगर कसं कळंल? दांडा काढा आधी.”

मग जी घाई उडाली ती सांगता सोय नाही. पंख्याची पिन सरळ करून काढली, नट सोडवला, पुलर लावून पंखा ओढला तेव्हा तो असा काही ठण्णकन सुटला की युवराज त्याच्यासकट मागं आपटला. सुकाणू उतरवलं. आत इंजिनापाशी दांड्याचे बोल्ट सोडवले आणि तो अख्खा लांबलचक दांडा सुकन्यानं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून मागं ओढून काढला. उरली ती कड्यात गच्च बसलेली जुनी पितळी नळी. ती काही केल्या हालेना. हातोडी मारावी तर कडं वाकेल.

“कापायला लागंल,” युवराज म्हणाला. “आतून, लांबीत. नुसती नळी कापायची. पातं कड्याला लागलं तर नावच गेली, आत्या.”

“मी कापते.”

“आत्या...”

“मोडली मी, कापती मीच. सरक.”

हॅक्सॉचं पातं नळीतून आरपार घातलं, दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळल्या आणि बायडाबाई उताणी पडून हळूहळू कापू लागली. उसात बुडख्याला कोयता घालायचा तो जमिनीला खेटून, पण दगडाला न लागू देता. तिच्या मनगटाला जोर आवरायची सवय होती. पितळेचा भुसा डोळ्यांत पडत होता. कापता कापता एका क्षणी पात्याचा हात जरा मोकळा झाला, आणि ती तिथंच थांबली. युवराजनं चिमट्यानं नळीची कड आत दुमडली, आणि इतका वेळ हट्टाला पेटलेली ती नळी सरळ हातात आली. कड्याला ओरखडाही नव्हता. जावयानं सासूकडं बघितलं आणि दोघंही लहान पोरांसारखी हसली.

“आता तुमी गाडीला किक मारा, जावईबापू,” बायडाबाई म्हणाली. ‘तुमी’ ऐकून युवराजला जरा धीर आला.

तिघं एका मोटरसायकलवर बसून वडगावला गेली. सोमनाथचं वर्कशॉप बाजारतळाच्या मागं. दारात मोटरींचा ढीग, आत लेथ. सुकन्यानं आल्या आल्या भंगारात डोकं घातलं आणि उपसा पंपाच्या पाइपातली एक नळी शोधून आणली. धुतल्यावर रबर काळंभोर, अजून जिवंत. दांडा सोबत आणलाच होता. तो नळीतून घातला तर अल्लद गेला, ना ढिला ना घट्ट.

“जमलं!” सुकन्या ओरडली, आणि शेजारच्या चहावाल्यानं उगीचच “जमलं का?” म्हणून विचारलं.

आतून जमलं, पण बाहेरून नळी जाड होती. सोमनाथनं जुन्या नळीचं माप घेतलं, नवीन नळी लेथला लावली आणि पितळेच्या सोनेरी साली सुटायला लागल्या. सोमनाथ असा माणूस, की हातात काम असलं तर जेवायला बोलवलं तरी शिवी देणार. मापून, पुसून, पुन्हा मापून त्यानं लेथ थांबवला.

“केसभर मोठी ठिवलीय,” तो म्हणाला. “ढिली केली तर कड्यात फिरंल. अशी गच्च बसंल.”

“पण बसायची कशी?” युवराजनं विचारलं.

“गार करा. बर्फात ठिवा रातभर. पितळ आकसतंय. आकसलंय तवर वढून घ्यायचं, गरम झालं की जाग्यावर ठाण मांडतंय. फकस्त मधी थांबायचं न्हाई. मधी थांबला की संपलं, माघारीबी येत न्हाई आन् फुडंबी जात न्हाई.”

बर्फ धरणावर होता. फुगवट्यातली मासळी रोज सकाळी बर्फाच्या पेट्यांतून बाहेर जायची. मासळीवाल्यानं पेटी उघडली आणि कटला माशांच्या दोन थरांमध्ये ती नळी पिशवीत घालून ठेवली. “सांभाळून ठिव रं,” बायडाबाईनं त्याला बजावलं, “इकून बसशील.”

रात्री बायडाबाईनं आणि तुळजाबाईनं एकत्र भाकरी खाल्ली. चार घास झाले तेव्हा तुळजाबाई एवढंच म्हणाली, “बंकट म्हनला, एक घर आष्टीकडनं यायचंय. ते आलं की गाडी सुटली.”

“कवा येतंय?”

“मला काय फोन करून येनार हायेत का ते?”

उजाडायच्या आत सगळी नावेपाशी हजर होती. तिकडं रस्त्यावर बंकटचा ट्रक उभा. वळकट्या, कोंबड्यांच्या दुरड्या, फडावर राहायची कोपी उभारायचे बांबू, दोन शेळ्या, वर ताडपत्री. माणसं एकेक करून चढत होती आणि तुळजाबाई दोन वळकट्यांवर बसून पाण्याकडं तोंड करून होती. बायडाबाईनं तिकडं एकदाच बघितलं आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

मासळीवाल्यानं पेटीसकट नळी आणून दिली तेव्हा तिच्यावर पांढरं दव धरलं होतं. फडक्यात धरूनही बोटं बधिर होत होती. युवराजनं आधीच कड्यातून आट्यांचा लांब रॉड घालून ठेवला होता. नळी रॉडवर चढवली, जाड वायसर लावला, नट लावला.

“आता थांबायचं न्हाई,” सुकन्या म्हणाली. “वढा!”

युवराज पाना फिरवू लागला. नळी कड्याच्या तोंडाला लागली, किंचित आत शिरली, मग सुरसुर सरकायला लागली. पाव गेली. अर्धी गेली. बायडाबाई खाली बसून दोन्ही हातांनी नळीचं मागचं टोक सरळ धरून होती आणि देवाची नावं घेत होती. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. लांब, तीनदा. युवराजनं मान वळवली आणि त्याचा हात थांबला.

“थांबू नगंस!” बायडाबाई किंचाळली. “तिकडं काय बघतूस? फिरव!”

पुन्हा पाना टाकला तर नट फिरेना. नळीवरचं दव उडून गेलं होतं. सोमनाथनं सांगितलं होतं तेच घडत होतं. अर्ध्यात अडकली तर आजचा दिवसही गेला आणि नळीही गेली. सुकन्यानं इकडंतिकडं बघितलं, मासळीवाल्याच्या पेटीतला बर्फ दोन्ही ओंजळींनी उचलला आणि नळीच्या आत कोंबला. बायडाबाईनं तिचं बघून बाहेर राहिलेल्या भागाला बर्फ चोळायला घेतला. मासळीच्या वासाचं गार पाणी तिच्या कोपरांवरून पोलक्यात शिरत होतं.

“आता! दोघं मिळून!”

पान्यात पाइपचा तुकडा घालून नवरा-बायको दोघं लटकली. कर्र असा आवाज झाला. आणि नट फिरला. पाव फेरा, अर्धा फेरा, पूर्ण. नळी सरकत सरकत कड्याच्या तोंडाशी येऊन बरोबर लागली, तेव्हा बायडाबाईच्या तोंडून जी आरोळी निघाली ती पल्याडच्या गावातही ऐकू गेली असणार.

दांडा घातला, बोल्ट आवळले, पंखा चढवला, पिन वाकवली, सुकाणू बसवलं. सुकन्यानं हातानं पंखा फिरवून बघितला. तो लोण्यातून फिरावा तसा फिरला. नाव पाण्यात गेली. इंजिन धक-धक करू लागलं. गिअर टाकताना युवराजनं डोळे मिटले होते, पण बायडाबाईनं नाही. तिला बघायचं होतं. पंख्यामागं पाणी उसळलं, आणि केकाटणं नाही, थडथडणं नाही, वास नाही. नाव काठापासून सुटली आणि बायडाबाईच्या छातीत आनंद मावेना. आष्टीचं घर अजून आलं नव्हतं, ट्रक रस्त्यावरच होता. तिनं तिकडं हात केला. ट्रकवरून कुणी हात केला की नाही, ते उन्हाच्या तिरिपीत दिसलं नाही.

पाण्यात बुडालेल्या बाभळींची काळी खोडं चुकवत इंजिनानं नाव उघड्या पाण्यावर आली. पल्याडच्या काठावर माणसं उभी होती. खरंच उभी होती! जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून बोलवत होता आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. सत्यशीलाबाई सीताफळांची पाटी घेऊन सगळ्यांत पुढं. नाव टेकली तशी त्या म्हणाल्या, “आलात! कालचा आवाज ऐकून आमच्याकडं लोक म्हणत होते, आता काय येत न्हाईत.”

“येनार कशे न्हाईत?” बायडाबाईनं दोर धरला. “बसा, जपून. मधी बसा.”

बसतील तेवढी बसली, केशरी जॅकेटं अंगात घातली, आणि बाकीच्यांना दुसऱ्या खेपेचा शब्द दिला. माघारी येताना वारा पाठीशी होता. युवराजनं इंजिन बंद करून शीड चढवलं. पांढरं कापड फडफडलं, फुगलं, आणि नाव आवाज न करता चालायला लागली. सगळी एकदम बोलायला लागली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर धरली. बायडाबाईला मात्र बसवेना. ती डोलकाठीला धरून उभी राहिली, आणि तिला दिसलं की ट्रक हलला.

“युवराज! ट्रक निघाला!”

ट्रक वस्तीवरून सुटून पाण्याच्या कडेकडेच्या रस्त्याला लागला होता. ताडपत्रीच्या वर बसलेली माणसं मुंगीएवढी दिसत होती. त्यातली एक तुळजा. तिच्याखाली दोन वळकट्या. ती आता अर्धा कोयता होऊन चालली होती, दुसऱ्याच्या टोळीत, फळीवरून घसरली तर मागं कुणी नाही. नाव चालली, माणसं आली, सगळं झालं, आणि तरीही हे असं?

“ते टोक!” तिनं बोट केलं. पुढं रस्ता पाण्याला अगदी खेटून एका खडकाळ टोकाला वळसा घेत होता. “ट्रक तिथं येतोय. आपून आदी जाऊ. इंजिन लाव!”

“आत्या, बेअरिंग नवं हाय. पयल्याच दिशी जोरात...”

“तू आदी लाव!”

युवराजनं सत्यशीलाबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “बाजार कुठं पळून जातोय? घ्या तिकडं.”

इंजिन सुरू झालं. शीड आणि पंखा दोन्ही एकदम. नावेचं नाक वळलं आणि दोन्ही बाजूंनी पाणी फाकायला लागलं. सुकन्या फळी उचलून आत, दांड्यापाशी ओणवी झाली, दांडा ज्यातून मागं बेअरिंगाकडं जातो त्या पाइपाला हात लावला आणि ओरडली, “गार हाय! एकदम गार! पळवा!” युवराजनं पुरता जोर दिला. खुळखुळ पाणी पिणारं ते बेअरिंग तक्रार म्हणून करीत नव्हतं. सीताफळं पाटीतून गडगडत होती आणि ती गोळा करायचं कुणाला भान नव्हतं.

ट्रक टोकाशी आला तेव्हा नाव हाकेच्या अंतरावर होती. “तुळजेऽ! तुळजेऽ!” बायडाबाईनं गळा फाडला. मग सगळ्यांनीच हाका मारायला सुरुवात केली. तुळजा कोण, कुठली, हे ठाऊक नसलेल्यांनीसुद्धा. ट्रकवर कर्णा लावून गाणी चालली होती. तरी एक बाई ताडपत्रीवर उठून उभी राहिलेली दिसली. तिनं केबिनचा पत्रा बडवला. ट्रक थांबला नाही. खिडकीतून बंकटचा हात बाहेर आला आणि खाली बस म्हणून हलला.

मग ट्रकवरून एक वळकटी उडाली. धुळीत दोन कोलांट्या खाऊन रस्त्याकडंला पडली. तिच्यामागून दुसरी. मग डेचकं, ते दगडांवरून वाजत वाजत पाण्यापर्यंत आलं. ट्रकमधल्या सगळ्या बायांनी एकच कालवा केला, आणि ब्रेक लागले.

तुळजाबाई चाकावर पाय देऊन उतरली. बंकटही उतरला, धोतर सावरत.

“अगं बायांनो, ऐन येळेला माझा अक्खा कोयता मोडताव का? बायडाबाई, उद्या ही नाव पुन्यांदा बंद पडली मंग?”

“पडंल की,” बायडाबाई नावेतून ओरडली. “यंत्र हाय ते, पडनारच. बसवू नवं बेअरिंग. आता बसवता येतंय आमाला!”

बंकटनं पाण्यावरच्या त्या पांढऱ्या शिडाकडं, त्यातल्या ओरडणाऱ्या माणसांकडं क्षणभर बघितलं, हात झटकला आणि ट्रकमध्ये चढला. ट्रक सुटला. वरच्या बाया वळणापलीकडं जाईपर्यंत हात हलवत होत्या, आणि त्यांच्याकडं बघताना बायडाबाईच्या आनंदात काहीतरी रुतलं.

खडकामुळं नाव काठाला टेकत नव्हती. तुळजाबाईनं दोन्ही वळकट्या डोक्यावर घेतल्या, डेचकं काखेत मारलं, लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात येऊन तिनं नावेच्या काठाला हात घातला. बायडाबाईनं तिचं मनगट धरलं.

तुळजाबाईनं नावेतल्या दाटीकडं नजर फिरवली.

“ए, बसायचं कुठं?” ती म्हणाली.

सत्यशीलाबाईंनी सीताफळांची पाटी मांडीवर घेतली आणि सगळी थोडी थोडी सरकली.